सूक्ष्माची शाळा

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 29 डिसेंबर 1959 रोजी कॅलिफोर्नियात अतिसूक्ष्म रचनांविषयी जे सुप्रसिद्ध व्याख्यान दिले, त्याच्या उत्तरार्धात एक विनोदी सूचना दडलेली होती: लॉस एंजेलिसच्या शाळेने टाचणीच्या माथ्यावर मजकूर कोरून ती तेथल्याच व्हेनिस भागातील शाळेकडे धाडावी, आणि त्या शाळेने मजकुरातील एका अक्षराच्या टिंबात उत्तर कोरून टाचणी परत करावी. परंतु अब्जांश मीटरचा, म्हणजे नॅनोमीटरचा, हा विषय अमेरिकेतील वर्गांत रुजण्यास चार दशके लोटली. 2000 साली क्लिंटन सरकारने नॅनोतंत्रज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर करून खजिन्यातून तरतूद केली, तेव्हा कोठे विस्कॉन्सिन विद्यापीठासारख्या संस्थांच्या वर्गप्रयोगांना बहर आला.

अडचण मुळातच विलक्षण होती. शिकवावयाचे हातांनी, आणि जे शिकवावयाचे ते हाताला लागत नाही की डोळ्यांना दिसत नाही. सर्वांत स्वस्त तोड निघाली ती कागदाची. 28 सेंटिमीटरांची पट्टी निम्मी, पुन्हा निम्मी अशी कापीत गेले असता 8 व्या खेपेस मिलिमीटरभर तुकडा उरतो आणि कात्री हात टेकते. हिशेब मात्र चालूच राहतो व 28 व्या खेपेस एका नॅनोमीटरवर येऊन ठेपतो. ही योजना मला आजही अनुपम वाटते. तिच्या खालोखाल चुंबकाची: शीतकपाटावर लावावयाच्या लवचीक चुंबकाची अरुंद पट्टी तशाच दुसऱ्याच्या पाठीवरून ओढली की ती ठरावीक अंतराने अडखळते, आणि त्या अडखळण्यावरून विद्यार्थी अदृश्य ध्रुवपट्टे कागदावर उतरवितो. झूरिक येथे 1981 मध्ये बिनिग व रोरर यांनी सिद्ध केलेले सूक्ष्मदर्शक यंत्रही असेच: ते पाहत नाही, सुईने चाचपते.

याउलट, चुंबक जवळ आणताच चुंबकी द्रवास काळे काटे फुटण्याचा जो प्रयोग, त्याचा बोलबाला फार झाला; शिकवण थोडी. सुवर्णाच्या प्रयोगात मात्र शोभा आणि शिकवण दोन्ही होती. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या, फिकट पिवळ्या द्रावणात सिट्रेट घातले की आधी रंग उडतो, मग माणकासारखी लाली चढते. पुढे मीठ पडताच, ज्या ऋणभाराने कण परस्परांपासून दूर राहत होते तो निष्प्रभ होऊन ते एकवटतात व द्रावण निळे पडते. सोने तेच, भांडेही तेच! या लालीचे मूळ सोन्याच्या सूक्ष्म कणांत आहे, हे फॅरडे यांनी 1857 मध्येच सांगून ठेवले होते.

वर्गाबाहेर, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अमेरिकी विज्ञानसंग्रहालयांच्या जाळ्याने 2008 पासून 2015 पर्यंत दर वर्षी ‘नॅनो दिवस’ साजरे केले. पुढे त्या जाळ्याच्या नावातून ‘नॅनो’ गळाले, आणि संग्रहालयांना जाणाऱ्या प्रयोगसाहित्याच्या नव्या पेट्यांतून पृथ्वी व अवकाश यांचे साहित्य रवाना होऊ लागले. अनुदान ज्या विषयाला, पेट्याही त्याच विषयाच्या: सरकारी अनुदानाचा हा शिरस्ताच आहे.