लघुशंकेच्या मोठ्या शंका

मराठीत या विधीला साधे-सरळ नाव आहे, पण ते चारचौघांत घ्यायचे नाही असा संकेत आहे. शाळेत आम्ही करंगळी वर करीत असू. घरातली वडील मंडळी नुसतेच 'आलो हं' म्हणून उठत. आणि पुस्तकात 'लघुशंका' अवतरे. मराठीचा अध्यापक या नात्याने मला या सभ्यपणाचे कौतुकच होते. परंतु गेल्या वर्षी माझ्या काकांनी एक छापील कागद माझ्या हाती ठेवला, आणि या सभ्यपणाची किंमत मला कळली.

काकांचे वय ६८. रात्री चार-चार वेळा उठत. काकूंना वाटे, यांना झोप लागत नाही. आम्हाला वाटे, वय झाले. एसटीने कुठे जायचे म्हणजे काका दोन तास आधीपासून पाण्याचा थेंब घेत नसत. पुढे पुढे लग्नामुंजीला जाणेच त्यांनी सोडले. तीन वर्षे हे कोणाला बोलले नाहीत. अखेर एका रुग्णालयात गेले, तर तेथे भिंतीवर सूचना : लघवीचा त्रास असलेले पन्नाशीपुढील पुरुष संशोधनासाठी हवे आहेत!

"हवे आहेत म्हणे! हे काय वधूवर सूचक मंडळ आहे?" काका म्हणाले. तरी संमतिपत्र मात्र घेऊन आले. "तू एम.ए. आहेस. वाच आणि सांग, सही करू की नको?"

मी वाचू लागलो. तिसऱ्याच ओळीत लिहिले होते, 'आपणास स्वैरपणे एका गटात टाकण्यात येईल.' काका ताठ बसले. "स्वैरपणे? या वयात?" पुढे 'छद्म औषध' आले. "म्हणजे कपट करणार, हे लिहूनच दिलंय!"

भाषांतरकाराने कोशातले शब्द उचलून ठेवले होते. माणसाशी तो बोललाच नव्हता. मी समजावले, "काका, 'स्वैरपणे' म्हणजे चिठ्ठ्या टाकून. कोणाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही. नाहीतर ते नकळत धडधाकट माणसांना नवी गोळी देतील आणि गुण आला म्हणून मोकळे होतील. 'छद्म औषध' म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी."

"मग ती कशाला द्यायची?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी थोडे वाचन केले. अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या ३,०४७ पुरुषांवर असाच एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. चार गट केले होते. एकाला डॉक्साझोसिन, दुसऱ्याला फिनास्टेराइड, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला नुसती दिखाऊ गोळी. सरासरी साडेचार वर्षे या मंडळींवर लक्ष ठेवले. चार वर्षांत दिखाऊ गोळीच्या गटातल्या शंभरांपैकी सुमारे १७ जणांचा आजार बळावला. एकेक औषध घेणाऱ्यांत हा आकडा १० वर आला, आणि दोन्ही घेणाऱ्यांत ५ वर. तो चौथा गट नसता, तर औषधाने नेमके किती साधले हे कळलेच नसते; कारण काही न घेताही पुष्कळांचा आजार जागच्या जागी राहतो.

याची दुसरी बाजूही आहे. सॉ पामेटो नावाच्या एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क याच दुखण्यावर परदेशात खूप खपे. २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर तपासून पाहिले, तर अर्क आणि दिखाऊ गोळी यांत फरकच आढळला नाही. २०११ साली तिप्पट मात्रा देऊन पाहिली, तरी तेच. लोकांचे पैसे वाचवणारा नकारही संशोधनच देते.

"ते ठीक," काका म्हणाले, "पण माझं काही बरंवाईट झालं तर?"

आपल्याकडे २०१९ च्या नियमांनी याची तरतूद केली आहे. प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार मोफत, शिवाय नुकसानभरपाई. प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची मंजुरी लागते आणि तिच्यात वैद्यकाबाहेरचा एक सामान्य माणूसही असावा लागतो. औषधाच्या प्रयोगाची नोंद सरकारी नोंदवहीत आधी व्हावी लागते. ही वही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कोणालाही पाहता येते. आणि मुख्य म्हणजे, सही केल्यावरही कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते. त्यासाठी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

मी काकांबरोबर गेलो. तेथे सात प्रश्नांची एक पत्रिका भरून घेतली. गेल्या महिन्यात लघवीला जोर करावा लागला का, धार बारीक झाली का, रात्री किती वेळा उठलात. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. काकांना ३५ पैकी २४ मिळाले. वीस आणि पुढे म्हणजे त्रास तीव्र. तीन वर्षे घरात जे बोलले नाहीत, ते काकांनी पाव तासात परक्या मुलीला आकड्यांत सांगून टाकले.

मग सोनोग्राफी झाली, आणि काकांची निवड झाली नाही. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात पुष्कळ लघवी शिल्लक राहत होती. अशा माणसाला दिखाऊ गोळीवर ठेवणे धोक्याचे, म्हणून डॉक्टरांनी त्यांना प्रयोगातून वगळले आणि उपचारांच्या रांगेत उभे केले. परीक्षेत नापास झाल्यासारखे तोंड करून काका बाहेर आले. मला मात्र त्या संशोधनाविषयी पहिल्यांदा खरा विश्वास वाटला : कोणाला घ्यायचे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

महिन्याने दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. काका आता रात्री एकदाच उठतात. ते संमतिपत्र लाल शाईने दुरुस्त करून मी रुग्णालयाला परत पाठवले आहे.

दिवाळीत फराळाला गेलो होतो. काका बाहेर गेलेले पाहून काकूंनी चिवड्याची बशी पुढे केली आणि हळूच विचारले, "अरे, बायकांसाठीही असे प्रयोग असतात का रे? खोकला आला, शिंक आली की..." आणि त्या थांबल्या.

असतात. अशाच तक्रारीवरच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना अमेरिकेत ५९७ बायकांवर करून पाहिली होती, २०१० साली तिचे निष्कर्ष आले. वर्षअखेर दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच निघाला. मी काकूंना तसे सांगितले आणि विचारले, "किती वर्षे होतंय?"

"धाकट्याच्या वेळेपासून."

धाकटा चुलतभाऊ यंदा चाळीस वर्षांचा झाला. सोमवारी काकूंना घेऊन जायचे ठरले आहे.