एक देश, अनेक भूमी : विनयातील एक प्रसंग आणि भारताची जनगणना

विनयपिटकाच्या महावग्गात चम्मक्खंधक नावाचे एक प्रकरण आहे. चामडे व पादत्राणे यांविषयीचे नियम सांगणारे हे प्रकरण प्रथमदर्शनी रुक्ष वाटते. तथापि भारतासारख्या विशाल देशाचा भूगोल व लोकसंख्या यांचा परस्परसंबंध समजून घेताना त्यातील एक प्रसंग फार उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते.

अवंती प्रदेशात महाकच्चान स्थविरांजवळ सोण कुटिकण्ण प्रव्रजित झाला. उपसंपदेसाठी त्या काळी दहा भिक्खूंचा गण आवश्यक होता. अवंतीत भिक्खू इतके विरळ होते, की दहांची संख्या जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण श्रावस्तीस जेतवनात गेला, तेव्हा स्थविरांच्या वतीने त्याने भगवंतांपुढे पाच गोष्टी मांडल्या. त्यांतील दोन येथे महत्त्वाच्या आहेत. अवंतीत भिक्खू थोडे आहेत, ही पहिली. तेथील जमीन काळी, कठीण व गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे, ही दुसरी. भगवंतांनी सीमेवरील जनपदांसाठी नियम बदलला. विनयधरासह पाच भिक्खूंचा गण तेथे पुरेसा ठरला आणि एकपदरी पादत्राणांऐवजी अनेकपदरी पादत्राणांस अनुज्ञा मिळाली. मध्यदेशात मात्र दहांचाच नियम कायम राहिला. ही सवलत नेमकी कोठे लागू व्हावी, यासाठी पूर्वेस कजंगल, पश्चिमेस थूण, उत्तरेस उसीरद्धज पर्वत अशा मध्यदेशाच्या सीमाही तेथेच सांगितल्या आहेत.

येथे मूळ तत्त्व बदललेले नाही; बदलले आहे ते माप. हा बदल दोन गोष्टी पाहून झाला : भूमी कशी आहे आणि माणसे किती आहेत. सोणाने वर्णिलेली काळी भूमी आजही आपण माळव्याच्या पठारावर पाहतो. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात कठीण होऊन तिला भेगा पडतात.

आता आजच्या भारताकडे वळू. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२१ कोटी, तर घनता दर चौरस किलोमीटरला ३८२ होती. पण या सरासरीवरून देशाचे खरे चित्र कळत नाही. बिहारची घनता १,१०६ होती, तर अरुणाचल प्रदेशाची अवघी १७. त्याच अरुणाचलातील दिबांग खोरे जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला सरासरी एकच माणूस होता. याचे कारण भूमीतच आहे. गंगेच्या मैदानात नद्यांनी आणून टाकलेला गाळ खोलवर आहे, पाणी हाताशी आहे आणि वर्षात एकाहून अधिक पिके निघतात. उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल ही तीन राज्ये देशाच्या सुमारे १३ टक्के भूमीवर वसलेली असून तेथे देशातील जवळजवळ एकतृतीयांश लोक राहत होते. हिमालयाचे उभे उतार व राजस्थानचे वाळवंट एवढ्या लोकांस पोसू शकत नाहीत.

बौद्धांच्या संख्येचेही असेच आहे. १९५१ साली देशात बौद्ध दोन लाखांच्या आत होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, १९६१ साली ही संख्या साडेबत्तीस लाखांवर गेली. २०११ साली ती ८४ लाखांवर, म्हणजे देशाच्या ०.७ टक्के होती आणि त्यांतील सुमारे ७७ टक्के एकट्या महाराष्ट्रात होते. तरीही महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ५.८ टक्केच होते. याउलट सिक्कीममध्ये बौद्धांची संख्या दोन लाखांहून कमी असूनही त्यांचे प्रमाण २७ टक्क्यांच्या वर होते. संख्या व प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

लोकसंख्या जेव्हा राजकीय सत्तेचे माप ठरते, तेव्हा हा भेद अधिकच गंभीर होतो. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात हा धोका दाखविला होता. उत्तरेकडील अतिविशाल राज्ये व दक्षिणेकडील लहान राज्ये यांतील असमतोल त्यांना घातक वाटत होता. म्हणून उत्तर प्रदेशाची तीन, तर बिहार व मध्य प्रदेश यांची प्रत्येकी दोन राज्ये करावीत, असे त्यांनी सुचविले. २००० साली उत्तराखंड, झारखंड व छत्तीसगड ही राज्ये याच तीन राज्यांतून निर्माण झाली. मात्र असमतोल संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकूण जननदर देशात २.० होता, बिहारमध्ये तो ३.०, तर सिक्कीममध्ये १.१ होता. लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७६ च्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आले आणि २००१ च्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. एका माणसास एक मत हे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्या राज्यांनी आपली लोकसंख्यावाढ रोखली, त्यांचा आवाज त्यामुळेच क्षीण व्हावा काय, हा प्रश्नही टाळता येत नाही. येथेही तत्त्व राखून माप ठरवावयाचे आहे.

असे माप ठरविण्यापूर्वी मोजणी खरी हवी. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तिने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. मात्र लडाख तसेच जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांतील बर्फाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ हा दिन ठेवला. देश एक, मोजणी एक. पण बर्फामुळे दिवस वेगळा. विनयातील पाचांच्या गणामागील दृष्टी हीच होय.

या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचे ठरले. आपल्या वाचकांच्या दृष्टीने येथे एक कायदेशीर बाब महत्त्वाची आहे. १९९० च्या दुरुस्तीपूर्वी बौद्धांस केंद्राच्या सूचीनुसार अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. त्या दुरुस्तीने तो मिळाला. त्यामुळे धर्म ‘बौद्ध’ नोंदविल्याने हा दर्जा जात नाही. ही माहिती प्रत्येक घरी पोहोचावयास हवी. प्रगणकाने लिहिलेली नोंद वाचून पाहणे, हेही प्रत्येक कुटुंबाचे काम आहे.

सोणाने जेतवनात आपल्या प्रदेशाची थोरवी गाइली नाही, की गाऱ्हाणेही मांडले नाही. माणसे किती आणि जमीन कशी, एवढेच त्याने सांगितले. ते खरे होते, म्हणूनच नियम बदलता आला.