नोरोविषाणूचे निदान : चाचणी आणि तिचा अर्थ

वांती आणि अतिसार यांच्या अकस्मात उद्भवणाऱ्या कित्येक साथींत रोग्याच्या मलामध्ये ओळखीचा एकही रोगकारक जीवाणू सापडत नसे. तरीही रोग माणसाकडून माणसाकडे जात असल्याचे उघड दिसत असे. अशा साथींपैकी पुष्कळशा नोरोविषाणूमुळे होतात, हे आज निश्चित झाले आहे. परंतु विषाणू हुडकण्याची साधने जसजशी सूक्ष्म होत गेली, तसतसे ‘विषाणू सापडला’ या विधानाचा नेमका अर्थ काय, हे तपासून पाहणे अवश्य होऊन बसले. प्रस्तुत लेखात या साधनांचा क्रम आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे.

१९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक या गावच्या एका प्राथमिक शाळेत अशी साथ उद्भवली. त्या साथीतील मलाचा जीवाणुरहित गाळीव द्रव स्वयंसेवकांना दिला असता त्यांनाही तोच रोग झाला. १९७२ साली अल्बर्ट कपिकियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळीव द्रवात रोगातून बऱ्या झालेल्या माणसाचा रक्तरस मिसळला. त्यातील प्रतिपिंडांमुळे विषाणूंचे पुंजके बनले, आणि सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आले. रोगापूर्वीचा आणि रोगानंतरचा रक्तरस यांची तुलना करता प्रतिपिंडांत वाढ झाल्याचेही दिसून आले. या पद्धतीचे मर्म येथेच आहे. तीत केवळ विषाणू दिसला असे नव्हे, तर त्या विषाणूला शरीराने दिलेला प्रतिसादही दिसला. त्यामुळे विषाणू आणि रोग यांचा संबंध जोडता आला.

तथापि ही पद्धत नित्याच्या उपयोगाची नव्हती. एक ग्रॅम मलात किमान दहा लाखांच्या आसपास कण असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा आढळत नाहीत. म्हणून १९८२ साली कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेवाचूनही साथ ओळखता यावी यासाठी चार निकष सुचविले : निम्म्याहून अधिक रोग्यांना वांती होणे, संक्रमणापासून लक्षणांपर्यंतचा सरासरी काळ २४ ते ४८ तास असणे, आजाराचा सरासरी काळ १२ ते ६० तास असणे, आणि मलात रोगकारक जीवाणू न सापडणे. हे निकष आजही उपयोगी पडतात.

१९९० साली या विषाणूच्या जनुकद्रव्याचे क्लोनिंग झाले आणि पुढचा मार्ग मोकळा झाला. आज प्रमाण मानली जाणारी चाचणी म्हणजे आरटी-पीसीआर होय. तीत मलातील आरएनए वेगळे काढून त्यापासून डीएनए बनवितात, आणि त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती आवर्तनागणिक जवळजवळ दुप्पट करीत नेतात. नोरोविषाणूचा जनुकक्रम फार बदलता असतो. म्हणून पहिल्या व दुसऱ्या वाचनचौकटींच्या सांध्यावरील, त्यातल्या त्यात स्थिर असा भाग यासाठी निवडला जातो. मलातील काही द्रव्ये या प्रक्रियेस अडथळा करतात. तेव्हा आंतरिक नियंत्रक यशस्वी झाला नसेल, तर नकारार्थी निष्कर्षाला किंमत देता येत नाही. प्रतिजन शोधणाऱ्या एन्झाइम-चाचण्या झटपट होतात. पण त्यांची संवेदनशीलता कमी असल्याने एकट्या रोग्याच्या निदानास त्या अपुऱ्या पडतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आरटी-पीसीआर विषाणूचा अल्पांशही पकडते. परंतु रोगी बरा झाल्यावरही विषाणू कित्येक आठवडे मलावाटे बाहेर पडत राहू शकतो, आणि काही माणसांना संक्रमण होऊनही लक्षणे मुळीच दिसत नाहीत. शिवाय सापडलेले आरएनए संक्रमणक्षम विषाणूचेच आहे, असेही ही चाचणी सांगत नाही. मानवी नोरोविषाणूचे आतड्याच्या पेशींपासून बनविलेल्या सूक्ष्म-अवयवांत संवर्धन करणे २०१६ साली साध्य झाले. पण ते संशोधनाचे साधन आहे, नित्य निदानाचे नव्हे.

याचा व्यवहारातील परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. समजा, एखाद्या वसतिगृहात साथ पसरली आणि तेथील आचाऱ्याच्या मलात विषाणू सापडला. तेवढ्यावरून साथीचे मूळ तोच, असे ठरवून त्याची उपजीविका हिरावून घेणे शास्त्राला धरून होणार नाही. कारण त्यानेही तेच अन्न खाल्ले असेल, किंवा त्याला रोग्याकडूनच लागण झाली असेल. दोघांच्या विषाणूंचा जनुकक्रम जुळला, तरी संक्रमण कोणाकडून कोणाकडे गेले हे त्यावरून कळत नाही. लक्षणे प्रथम कोणाला आणि केव्हा दिसली, कोणी काय खाल्ले, ही माहिती त्यासाठी अपरिहार्य ठरते.

म्हणून साथीत लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत अनेक रोग्यांचे नमुने घ्यावेत; त्यांपैकी किमान दोन होकारार्थी आल्यास साथ नोरोविषाणूची असल्याचे निश्चित मानतात. एका रोग्यापुरते पाहता निष्कर्षाने उपचार फारसा बदलत नाही. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हाच त्याचा गाभा राहतो. समूहाच्या दृष्टीने मात्र साबणाने हात धुणे, क्लोरीनयुक्त द्रावणाने स्वच्छता करणे आणि आजारी आचाऱ्याला लक्षणे थांबल्यानंतरही किमान ४८ तास स्वयंपाकापासून दूर ठेवणे, या उपायांना निदानाने निश्चित आधार मिळतो. पहिल्या पद्धतीत विषाणू आणि त्याचा रोगाशी असलेला संबंध एकाच प्रयोगात दिसत होते. आजच्या चाचणीत त्यांपैकी पहिलाच भाग हाती येतो. दुसरा जुळविण्याचे काम अन्वेषकालाच करावे लागते.