दप्तरातील पूर्वज : कोल्हापूर संस्थानच्या चाकरीच्या नोंदी

मंगळवार पेठेतील एका परिचित कुटुंबाने मध्यंतरी आम्हांस एक मोडी कागद वाचावयास दिला. पणजोबा ‘सरकारी चाकरीत होते’ एवढेच घरात ठाऊक होते. कोणत्या चाकरीत, कोणत्या गावी, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. हा प्रश्न आज अनेक बौद्ध घरांपुढे आहे. म्हणून चाकरीच्या नोंदींतून पूर्वज कसे शोधावेत, याचा येथे थोडक्यात विचार करू.

अशा शोधाचे प्रसिद्ध उदाहरण कोरियाचे आहे. तेथील जोसॉन राजवटीत अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा होत. त्या 1894 मध्ये बंद झाल्या. उत्तीर्णांच्या यादीत उमेदवारासह त्याचा पिता, आजा, पणजा आणि आईचे वडील यांची नावे नोंदवीत. एका नोंदीतून चार पूर्वज हाती लागतात. मात्र दासांना ही परीक्षा बंद होती. त्यांचा माग काढावयाचा तर तो मालकाच्या कुटुंबनोंदीत. तात्पर्य, दप्तर कोणत्या हेतूने ठेवले गेले, यावर त्यात कोण सापडेल हे अवलंबून असते.

आपल्याकडेही तसेच घडले. महार हा गावचा वतनी चाकर; त्यामुळे त्याचे नाव वतनाच्या व जमिनीच्या कागदांत शोधावे लागते, अंमलदारांच्या यादीत नव्हे. कोल्हापूर संस्थानात हे चित्र पालटले. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या आदेशाने नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या. 1918 मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी व्यक्तिशः रयतावा करून दिल्या, सक्तीची हजेरी बंद केली आणि कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी नेमताना अस्पृश्यांनाही संधी दिली. म्हणून संस्थानातील घराण्याचा शोध घेताना 1918 पूर्वीची वतननोंद व नंतरचे रयतावा खाते एकमेकांशी ताडून पाहावे. संस्थानाबाहेर, मुंबई इलाख्यातील गावांत महार वतने पुढेही टिकली. ती 1958 च्या कायद्याने संपली.

शोधाचा क्रम असा असावा. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, जुने आडनाव आणि भावकीतील नावे लिहून घ्यावीत. नंतर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. संस्थानात 1919 च्या आदेशाने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचे ठरले होते. मग गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी व नोकरी असल्यास सेवापुस्तक पाहावे. संस्थानी दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. त्यातील पुष्कळसे मोडीत असल्याने मोडीच्या जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

नाव जुळले नाही म्हणून लगेच निराश होऊ नये. 1900 मध्ये सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात बाबासाहेबांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. घरचे नाव, लेखनिकाने लिहिलेले नाव आणि पुढे रूढ झालेले नाव ही तीन असू शकतात. उलट केवळ नाव जुळले म्हणून नातेही गृहीत धरू नये. नाव, बापाचे नाव व गाव ही तिन्ही जुळली पाहिजेत.

हा शोध केवळ जिज्ञासेपुरता नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नातवाचे शिक्षण पणजोबांच्या एका ओळीवर अडून राहते. म्हणून घरातील जुना कागद रद्दीत जाऊ देऊ नये.

येथे एक शंका उपस्थित होईल. सुत्तनिपातातील वसलसुत्तात भगवंतांनी जन्माने कोणी हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, असे प्रतिपादिले. मग वंशावळीचा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, कुळाचा अभिमान मिरविण्यासाठी हा शोध नाहीच. ज्यांच्या श्रमावर गाव चालले, त्यांची नावे कोणी जपली नाहीत. त्या श्रमाची साक्ष जपणे हे कृतज्ञतेचे कर्म आहे. आणि या दप्तरांत माता क्वचितच आढळतात. त्यांची नावे आजीच्या तोंडून ऐकून आजच लिहून ठेवली पाहिजेत. ती देणारे दुसरे दप्तर बहुधा सापडणार नाही.