खर्च कंपनी करणार, परतफेड वाचलेल्या बिलातून! सरकारी इमारतींचा हा करार नेमका असतो तरी कसा?

पंचायत समितीचं ऑफिस असो, ग्रामीण रुग्णालय असो की जिल्हा परिषदेची शाळा, चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच. जुने पंखे, चोकवाल्या ट्यूबा, त्यातल्या निम्म्या बंद. बदलायचं म्हटलं की "निधी नाही" हे उत्तर ठरलेलं. लाइट बिल मात्र दर महिन्याला येतंच.

अशा ठिकाणी एखादी कंपनी येते आणि सांगते, "सगळे दिवे-पंखे आम्ही बदलतो. तुम्ही आता एक रुपया देऊ नका. बिल कमी होईल, त्यातून आमचे पैसे फेडा." ऐकायला फुकट वाटतं. फुकट काहीच नसतं, पण ही फसवणूकच असते असंही नाही. सगळं करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. म्हणून हा करार गावकऱ्यांनी समजून घ्यायला हवा.

कल्पना काय आहे?

असं काम करणाऱ्या कंपनीला ऊर्जा सेवा कंपनी किंवा थोडक्यात 'एस्को' म्हणतात. कंपनी आधी इमारतीची तपासणी करते, किती वीज कुठे जाते ते काढते. मग स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशातून नवीन दिवे, पंखे, पंप बसवते. ठरलेली वर्षं ती वाचलेल्या पैशातून आपला वाटा घेते. मुदत संपली की सामान इमारतीचं आणि पुढची सगळी बचतही इमारतीची.

या करारांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिल्यात वाचलेल्या पैशाची टक्केवारीने वाटणी होते. दुसऱ्यात कंपनी ठरावीक बचतीची हमी देते आणि कमी पडली तर फरक स्वतः भरते. तिसऱ्यात दरमहा ठरावीक हप्ता असतो. पहिल्या दोन्हींत जोखीम बरीचशी कंपनीकडे असते. तिसऱ्यात बचत होवो न होवो, हप्ता सुरूच राहतो. नाव तेच असलं तरी हा तिसरा प्रकार कर्जाच्या जवळ जातो.

हिशेब करून बघू

उदाहरणासाठी एक ऑफिस धरू. ६० जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. १०० जुन्या ट्यूबा, चोकसकट प्रत्येकी ५० वॅट. सगळं वर्षाला २००० तास चालतं आणि युनिटला ९ रुपये पडतात, असं मानू.

जुनी वीज: वर्षाला १९,००० युनिट.
नवीन बीएलडीसी पंखे (२८ वॅट) आणि एलईडी ट्यूबा (२० वॅट) लावल्यावर: ७,३६० युनिट.
वाचले ११,६४० युनिट, म्हणजे वर्षाला १ लाख ४ हजार ७६० रुपये.

हे सगळं बसवायला २ लाख ४० हजार लागले असं धरू. बचतीतले ८० टक्के कंपनीला आणि २० टक्के ऑफिसला, असा करार झाला. मग कंपनीला वर्षाला सुमारे ८३ हजार ८०० रुपये मिळतात. चार वर्षांत ३ लाख ३५ हजार. वरचे ९५ हजार म्हणजे तिचं व्याज, देखभाल आणि नफा. हा व्यवहार ठीक म्हणता येईल.

आता तोच करार सात वर्षांचा केला तर? कंपनीला ५ लाख ८६ हजार मिळतात. सामान तेच, बचत तीच, फक्त वर्षं वाढली. म्हणून टक्केवारी बघताना मुदतही बघायची. आणि ऑफिसकडे स्वतःचा निधी असेल तर हेच काम सव्वादोन वर्षांत वसूल होतं. तेव्हा कंपनीची गरजच काय, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

हे कुठे झालंय?

जर्मनीतल्या बर्लिन शहराने १९९६ पासून शाळा, कार्यालयं अशा सरकारी इमारतींचे गट करून बचतीच्या हमीवर करार दिले. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते 'ईईएसएल' या कंपनीने. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालच्या एनटीपीसी, पॉवरग्रिड, पीएफसी आणि आरईसी या चार कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये ती काढली. जानेवारी २०१५ मध्ये रस्त्यावरच्या दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. हुदहुद वादळाने मोडून पडलेल्या विशाखापट्टणममध्ये याच पद्धतीने शहरभर एलईडी दिवे लागले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींसाठी ईईएसएलशी करार केला.

दिवे लागले, वीज वाचली. पण पुढे अनेक पालिकांकडे कंपनीची येणी थकली. पैसे थकले की दुरुस्तीही रखडते. म्हणजे करार कागदावर कितीही चांगला असला तरी पैसे वेळेवर द्यायची सोय आधी लागते.

खरी मेख: "आधी किती वीज लागत होती?"

बचत मीटरवर दिसत नाही. मीटरवर दिसते ती वापरलेली वीज. आधीच्या वापरातून आत्ताचा वापर वजा केला की बचत निघते. त्यामुळे आधीचा आकडा फुगवला की बचतही आपोआप फुगते.

वरच्याच ऑफिसात १०० पैकी ४० ट्यूबा आधीपासून बंद होत्या असं समजा. कागदावर १०० चालू दाखवल्या तर ट्यूबांची बचत निघते वर्षाला ६,००० युनिट. प्रत्यक्षात ६० जळत होत्या, आता १०० नवीन जळणार. म्हणजे खरी बचत फक्त २,००० युनिट. फरक ४,००० युनिटचा, म्हणजे वर्षाला ३६ हजार रुपयांचा. अंधाऱ्या खोल्यांत उजेड आला हा फायदा खराच, पण त्यातून बिल कमी होत नाही. मग कंपनीचा वाटा द्यायचा कशातून?

दुसरी गोष्ट, बचत रुपयांत नाही तर युनिटमध्ये मोजायची. दर वाढला तर वीज वाचूनही बिल वाढलेलं दिसतं. शिवाय बिलातला 'स्थिर आकार' युनिट कमी झाले तरी कमी होत नाही. आणि मध्येच ऑफिसात दोन एसी बसले तर तो वापर वेगळा धरावा लागतो. नाहीतर कंपनी म्हणणार तुम्ही वापर वाढवला, ऑफिस म्हणणार तुमचे पंखे खोटे.

बिलच थकलेलं असेल तर?

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. गावातल्या दिवाबत्तीची आणि पाणीपुरवठ्याची बिलं थकून २०२१ मध्ये अनेक ग्रामपंचायतींची वीज तोडली गेली. शेवटी १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिलं भरायला सरकारने मुभा दिली.

जे बिल भरलंच जात नव्हतं, ते कमी झालं तर हातात पैसा येत नाही. थकबाकी जरा हळू वाढते, एवढंच. कंपनीचा हप्ता मात्र रोख द्यावा लागतो. म्हणजे जुन्या देण्यावर नवीन देणं. म्हणून बिल कोण भरतं, कुठल्या निधीतून भरतं आणि वाचलेली रक्कम त्याच खात्यात राहते का, हे आधी ठरवायला हवं. काही ठिकाणी बिल एक ऑफिस भरतं आणि इमारत दुसरंच वापरतं. तिथे बचत एकाची आणि हप्ता दुसऱ्याला, असा घोळ होतो.

आणखी एक. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. करार सात वर्षांचा झाला तर पुढच्या सरपंचालाही तो फेडायचा आहे. त्यामुळे असा विषय फक्त मासिक सभेत न उरकता ग्रामसभेसमोर यायला हवा.

ग्रामसभेत हे विचारा

१. गेल्या किमान १२ महिन्यांची बिलं कुठे आहेत? त्यावरचे युनिट वाचून दाखवा.
२. किती दिवे-पंखे प्रत्यक्ष चालू होते, याची मोजणी कोणी केली? गावातला कोणी सोबत होता का?
३. पैसे बचतीनुसार द्यायचे की ठरावीक हप्ता?
४. बचत कमी पडली तर फरक कोण भरणार?
५. दिवा बंद पडला तर किती दिवसांत बदलून मिळणार? नाही मिळाला तर किती पैसे कापणार?
६. मुदत किती वर्षांची, आणि तोपर्यंत एकूण किती रक्कम जाणार?
७. मोजमाप कंपनीच करणार की तिसरं कोणी?

तपासणी आणि मोजमापासाठी विचारायला राज्यात 'महाऊर्जा' ही संस्था आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे एस्को कंपन्यांची यादी असते, आलेली कंपनी त्यात आहे का ते बघता येतं. करार झाला असेल तर त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

आणि सुरुवात करायला कुठल्याच परवानगीची गरज नाही. शाळेचं किंवा दवाखान्याचं बिल बघायला मागा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याचे युनिट एका वहीत लिहा. उद्या कोणी "इतकी बचत झाली" म्हणून सांगायला आलं, तर ताडून बघायला गावाकडे स्वतःचा आकडा असेल.