एका वाड्यात दोन पायथन

संगणकावर तुम्ही मराठी लिहिता तेव्हा अक्षरांचे आकार येतात कोठून? ते फॉन्टमध्ये साठवलेले असतात. लिनक्सवर तुम्ही कदाचित ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट पाहिला असेल. लोहित मालिकेचे काम सुरुवातीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केले आणि २००४ साली रेड हॅट कंपनीने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. लोहित म्हणजे संस्कृतात लाल; नावातली गंमत तुम्ही ओळखलीच असेल.

मुक्त फॉन्टचे मूळ आराखडेही आपल्याला उघडून पाहता येतात, बदलता येतात. लोहितसाठी फॉन्टफोर्ज ही विनामूल्य प्रणाली वापरतात. आता देवनागरीत जोडाक्षरे धरली तर आकार शेकड्यांनी होतात. समजा, प्रत्येक आकाराच्या कडेवरील बिंदूंचे निर्देशांक पूर्णांकात आणायचे आहेत. एकेक आकार उघडत बसलात तर दिवाळीची सुटी त्यातच संपेल! म्हणून पायथन भाषेत पाच-सहा ओळींची आज्ञावली लिहायची. तिची पहिली ओळ ‘इम्पोर्ट फॉन्टफोर्ज’, म्हणजे फॉन्टफोर्जची हत्यारे हाताशी घे.

आज्ञावली चालवता, आणि संगणक सांगतो, फॉन्टफोर्ज नावाचे मोड्यूल सापडत नाही. अहो, पण फॉन्टफोर्ज तर समोर उघडे आहे!

अशा वेळी बहुतेक जण पायथन पुन्हा उतरवून घेतात. मीही तेच केले होते. त्याने संगणकावर दोनाचे तीन पायथन झाले, दोष मात्र तसाच राहिला.

असे का होते? सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात दोन कुलकर्णी राहतात असे धरा. पत्रावर नुसते ‘कुलकर्णी’ लिहिले, तर नवा पोस्टमन जिन्यापाशी पहिली पाटी दिसेल तिथेच पत्र टाकणार. संगणकाचेही तसेच आहे. तुम्ही नुसते ‘पायथन’ म्हणालात की तो ‘पाथ’ नावाची यादी क्रमाने पाहतो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला काम देतो. विंडोजवर फॉन्टफोर्ज आपला वेगळा पायथन बरोबर घेऊन येते. हत्यारे असतात त्याच्या खोलीत. पत्र जाते दुसऱ्याच कुलकर्ण्यांकडे.

मग हत्यारांची फाइल उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली तर? सहसा जमत नाही. ती पायथनच्या एका ठराविक आवृत्तीसाठी बांधलेली असते. ३.१० साठी बांधलेले मोड्यूल ३.१२ मध्ये बसेलच असे नाही. नटाचे आटे वेगळे असले की बोल्ट फिरत नाही, तसेच.

तेव्हा आधी निदान करा. दोन ओळींची आज्ञावली लिहा: ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.व्हर्जन)’. ती एकदा नेहमीच्या पद्धतीने चालवा, एकदा फॉन्टफोर्जमार्फत. आकडे निराळे आले की चोर सापडला. आकडे सारखे आले तरी पायथन दोन असू शकतात. नेहमीचा कोठून चालतो ते ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापून कळते.

उपाय अगदी साधा आहे. पत्रावर पूर्ण पत्ता घाला. विंडोजवर फॉन्टफोर्जच्याच फोल्डरमधील ‘एफएफपायथन’ने आज्ञावली चालवा, लिनक्सवर ‘फॉन्टफोर्ज’पुढे ‘-स्क्रिप्ट’ लिहून फाइलचे नाव द्या.

लिनक्सवर एक चूक मात्र कधीही करू नका. गोंधळ मिटवायचा म्हणून प्रणालीबरोबर आलेला पायथन काढून टाकू नका. प्रणालीची स्वतःची कितीतरी कामे त्याच्यावर चालतात, आणि मग फॉन्ट राहिला बाजूला, संगणकच अडून बसतो.

एवढे करूनही कोणाची जुनी आज्ञावली ‘प्रिंट’च्या ओळीवरच अडखळली, तर तिथे कंस आहेत का पहा. नसतील तर ती पायथन २ मधली आहे. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये ते कंस सक्तीचे झाले, आणि जुन्या पायथन २ ची देखभाल २०२० साली थांबली. मूळ आराखड्याची एक प्रत बाजूला ठेवा, कंस घाला आणि पुन्हा चालवून पहा.