रताळे, रताळू आणि शक्करियां

सुरत स्टेशन सोडून उत्तरेकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे पडते आणि कोसाड येते. जी तापी खानदेशातून वाहत येते, तिच्याच काठी पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या शहरात व आसपास वसली आहेत. अशा घरातील नव्या सूनबाई एकादशीच्या आदल्या दिवशी भाजीवाल्याकडे ‘रताळी’ मागतात, आणि तो ‘रताळू’ समजून जांभळा, ओबडधोबड कंद तराजूत टाकतो! घरी त्याचा कीस करावा, तर तो परतताना बुळबुळीत होतो आणि गोडीचे नावही नसते.

यात दोष कोणाचाच नाही. घोटाळा शब्दाचा आहे. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आपले कोनफळ. आपल्या रताळ्याला तेथे ‘शक्करियां’ म्हणतात. दोन्ही जमिनीखाली वाढतात, दोन्ही उपवासाला चालतात. पण त्यांचे कूळ निराळे. कोनफळ हे कारंद्याचे भाऊबंद, तर रताळे नाळीच्या भाजीचे. कोनफळ कच्चे असताना हाताला खाज सुटते, म्हणून चिरताना हाताला तेल लावावे आणि ते पूर्ण शिजवूनच खावे. सुरतेची प्रसिद्ध रताळू पुरी याच कोनफळाची. उत्तरायणाच्या सुमारास होणाऱ्या उंधियुंत मात्र रताळू आणि शक्करियां ही दोन्ही एका भांड्यात सुखाने नांदतात.

शब्दांची गंमत येथेच संपत नाही. रताळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणले. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याचकडून आला, आणि कॅरिबियन बेटांवर तो मुळी रताळ्याचेच नाव होता! म्हणजे रताळ्याने आपले नाव बटाट्याला देऊन टाकले आणि आपण मात्र उपवासाच्या ताटात मानाची जागा मिळविली.

आता स्वयंपाकाकडे वळू. रताळे गोड लागते ते केवळ त्यातील मूळच्या साखरेमुळे नव्हे. शिजताना त्यातील एक पाचक द्रव्य पिष्टाचे माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करते. हे काम सुमारे ६० ते ७५ अंश सेल्सियस उष्णतेत चांगले चालते. त्याहून फार तापले की ते द्रव्य निकामी होते. कुकरात रताळे ही पायरी झटकन ओलांडते. म्हणून वेळ असेल तेव्हा अख्खी, सालासकट रताळी जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून, मंद आचेवर, उलटसुलट करीत पाऊणएक तास भाजावीत. निखाऱ्यात भाजलेले रताळे गोड का लागते, याचे उत्तर याच संथपणात आहे.

किसासाठी अर्धा किलो रताळी धुऊन, किसून लगेच पाण्यात टाकावीत, म्हणजे काळी पडत नाहीत. कीस घट्ट पिळून, दोन चमचे तुपात जिरे व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतावा. झाकण ठेवून दोन वाफा आल्या की अर्धी वाटी दाण्याचे कूट, मीठ आणि ओले खोबरे घालावे. साखर चिमूटभर पुरे. रताळ्याने आपला वाटा आधीच उचललेला असतो.

१०० ग्रॅम रताळ्यात सुमारे ८६ कॅलरी आणि ३ ग्रॅम चोथा असतो. आतून केशरी असणाऱ्या जातींत, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते ते कॅरोटीन विपुल असते; पांढऱ्या जातींत ते फारच थोडे. आफ्रिकेत मुलांमधील ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढण्यासाठी केशरी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही केशरी जात तयार केली आहे. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते. तेव्हा किसातले तूप ही केवळ चैन नव्हे. मधुमेही मंडळींनी मात्र भाजलेल्यापेक्षा उकडलेले, आणि तेही बेताने खावे.

एक सूचना राहिली. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. अति थंडीने त्यांचा गाभा कठीण होतो आणि चव बिघडते. कोरड्या, हवेशीर टोपलीत ती बरी राहतात. आणि सुरतेच्या बाजारात गेलात, तर मागताना ‘शक्करियां’ म्हणा. उपवासाचा बेत हमखास जमेल.